युद्धकचेरीतला मुक्काम

राजाच्या वाड्यात सरकारी कचेरी येऊन बसणे हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पेशवाई बुडाल्यावर पाठशाळा भरली आणि पुढे नगरपालिकेचे कारकून फायली चाळू लागले. संगमरवरी स्वप्नांच्या जागी लाल फितीचे गठ्ठे आले, म्हणून हळहळायचे, एवढेच आपल्याला ठाऊक. लंडनमध्ये याच्या उलट गोष्ट घडली. तिथे कचेरीचा राजवाडा झाला; आणि कचेरीही साधीसुधी नव्हे, निम्म्या जगाच्या लढाया जिथून चालल्या ती.

व्हाइटहॉल रस्त्यावर १९०६ साली ब्रिटिश युद्धखात्याची ही इमारत पुरी झाली. विल्यम यंग या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला, पण पाया भरण्यापूर्वीच, १९०० साली, तो वारला. काम त्याच्या मुलाने तडीस नेले. पाच वर्षे आणि बारा लाख पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली. सात मजले, हजारभर खोल्या, अडीच मैलांचे बोळ. जागा वेडीवाकडी मिळाली होती, ते व्यंग झाकण्यासाठी चार कोपऱ्यांवर चार घुमट चढवले. माथ्यावर आल्फ्रेड ड्रुरी याने घडवलेल्या मूर्ती आहेत : युद्ध आणि शांती, सत्य आणि न्याय, कीर्ती आणि विजय. एवढ्या सगळ्या देवता एका कचेरीच्या डोक्यावर बसवायच्या म्हणजे आतल्या कामाबद्दल बांधणाऱ्यांच्या मनात काही धाकधूक असावी, असे मला उगाच वाटते.

१९६४ साली युद्धखाते संरक्षण मंत्रालयात विलीन झाले. इमारतीचा सरकारी वापर त्यानंतरही चालू होता. पुढे सरकारला ती जड झाली आणि हिंदुजा समूह व त्यांचे स्पॅनिश भागीदार यांनी साडेतीनशे दशलक्ष पौंडांहून अधिक किमतीला ती २५० वर्षांच्या पट्ट्याने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे रॅफल्स नावाचे हॉटेल सुरू झाले. १२० खोल्या आणि दालने, शिवाय ८५ निवासस्थाने. उघडले तेव्हा सर्वांत साध्या खोलीचे एका रात्रीचे भाडे हजार पौंडांच्या वर होते. आम्हा मास्तर मंडळींनी ते रुपयांत करून पाहू नये, हे उत्तम.

असल्या हॉटेलात उतरणारा माणूस नुसती गादी विकत घेत नाही. गादी कुठेही मऊच असते. तो इतिहासाची एक रात्र विकत घेतो. युद्धमंत्र्यांची ओक लाकडाने मढवलेली कचेरी आता हॉल्डेन या जुन्या मंत्र्याच्या नावाचे दालन झाली आहे. या इमारतीतून लॉइड जॉर्जने कारभार पाहिला, चर्चिलने पाहिला. गुप्तहेरांच्या कथा तर विचारूच नका. पाहुण्याला हे सारे चहाबरोबर मिळते. त्यात खोटे काही नाही. परंतु हुकूम सोडणाऱ्यांचा इतिहास खोलीत राहतो आणि हुकूम ज्यांच्यावर जाऊन पडले त्यांचा राहत नाही, ही त्यातली गोम आहे.

त्या हुकमांचे एक टोक आपल्या सातारा-रत्नागिरीत येऊन टेकते. ऑगस्ट १९१४ मध्ये लॉर्ड किचनेर युद्धमंत्री म्हणून या इमारतीत आला. मराठी शिपायाला तो नवा नव्हता. १९०२ ते १९०९ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. कर्झनशी भांडून त्याने व्हाइसरॉयला राजीनामा द्यायला लावला, ते याच काळात. त्याने साऱ्या हिंदी फौजेची नव्याने मोजदाद केली आणि मुंबईकडील जुन्या पलटणींना शंभराच्या पुढचे आकडे दिले. १०३, ११०, ११७ मराठा हे आकडे त्याच व्यवस्थेतले. मावळातल्या आणि कोकणातल्या कित्येक घरांत पुढे पलटणीचा आकडाच तेवढा लक्षात राहिला.

ऑक्टोबर १९१४ मध्ये पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली; तिच्यात ११७ मराठा होती. ६ नोव्हेंबरला फौज इराणी आखाताच्या तोंडाशी फाव येथे उतरली, त्याच महिन्यात बसरा पडले. तेवढ्यावर थांबले असते तर! पण सहज मिळालेल्या विजयाची चटक वाईट. बगदादच्या लोभाने जनरल टाउन्सेंड तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकत गेला. बोटी अपुऱ्या, औषधे अपुरी. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून खडखडत आणावे लागले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मार खाऊन फौज कुत या गावी परतली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला कोंडले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या.

तोवर ही मोहीम सिमल्याहून चालत असे. फेब्रुवारी १९१६ मध्ये तिची सूत्रे लंडनच्या युद्धखात्याकडे, म्हणजे या घुमटांखाली आली. वेढा मात्र उठेना. सोडवायला गेलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. आत घोडे कापून खाण्याची पाळी आली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले. धर्मगुरूंची मुभा तारेने मागवली तरी मन तयार होईना. घरी जाऊन तोंड काय दाखवायचे, हा प्रश्न उपासमारीपेक्षा मोठा होता. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकांत.

मग या कचेरीतून एक विलक्षण परवानगी निघाली. तुर्की सेनापती खलील पाशाला दहा लाख पौंड द्यावेत, लागल्यास वीस लाख, आणि फौज सोडवून घ्यावी! किचनेरची त्याला संमती होती. बोलणी करायला गेलेल्यांत पुढे अरबस्तानात गाजलेला लॉरेन्स होता. खलील पाशाने नकार दिला. तेरा हजार जिवांसाठी वीस लाख आणि ज्या इमारतीत हा हिशेब झाला तिला बारा लाख : हे दोन आकडे शेजारी मांडले की माझ्या मनातून हलत नाहीत.

अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. टाउन्सेंडचा स्पॉट नावाचा लाडका कुत्रा तुर्कांच्या सौजन्याने सुखरूप बसऱ्याला पोहोचला. स्वतः साहेब कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि बगदाद रेल्वेच्या रुळांवर राबवले गेले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपायांचीही हजारोंनी तीच गत झाली. किचनेर पाच आठवड्यांनी बोटीबरोबर बुडाला. १९१७ साली चौकशीचा अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला आणि प्रकरण मिटले. आमच्या शालेय पुस्तकांत याला मिळाली तर एक ओळ मिळते.

इमारतीचे हॉटेल झाले याचे मला वाईट वाटत नाही. रिकामी वास्तू ढासळते. माणसे राहती राहिली की दगड टिकतो. शिवाय काळाचा एक खेळ इथे आहेच. हिंदुजा घराण्याचे मूळ पुरुष परमानंद हिंदुजा सिंधमधील शिकारपूरचे. मुंबईत ते आले १९१४ साली, म्हणजे मराठा पलटण ज्या बंदरातून बोटीत चढली त्याच बंदराशी आणि त्याच वर्षी. १९१९ मध्ये त्यांनी इराणात पेढी घातली. माहीमला त्यांच्या नावाच्या रुग्णालयात आपले कित्येक आप्त जाऊन आले असतील. साम्राज्याच्या युद्धकचेरीची किल्ली त्यांच्या वंशजांच्या हाती जावी, याला सूड म्हणणे उथळपणाचे होईल. व्यापाराला सूड परवडत नाही. पण मौज आहे खरी.

मनात येते ते एवढेच, की दालनांना मंत्र्यांची नावे देताना आणखी एखादे नाव कुणाला आठवले असते तर? आठवणार तरी कसे? ते लिहिलेले नाही. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक खेड्यांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत सरकारने बसवलेली एक पांढरी शिळा असते. या गावाहून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतकी माणसे गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. चुना लावताना कधी कधी तीवरूनही कुंचला फिरतो. वरच्या ओळीत गावाचे नावही नाही, नुसते ‘या गावाहून’; आणि खाली दोन आकडे.