काजळ, काचेची नळी आणि इंडियन हिल



नेपरव्हिल-ऑरोरा भागात एवढी मराठी घरं कशी, असं नव्याने आलेले लोक हमखास विचारतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे बेल लॅब्जचा 'इंडियन हिल' कॅम्पस. १९६६ साली तो इथे उघडला. (नावातल्या 'इंडियन'चा आपल्याशी काही संबंध नाही, बरं का :-) ) टेलिफोन एक्स्चेंजचं काम इथलं. लांब पल्ल्याचे कॉल जोडणारं '४ईएसएस' यंत्र जानेवारी १९७६ मध्ये शिकागोत सुरू झालं, ते घडवलं इंडियन हिलने. त्यामुळे आपल्याकडे गप्पा निघाल्या की स्विचिंग आणि सॉफ्टवेअरच्या निघतात. पण हे कॉल पुढे ज्या काचेच्या तंतूतून धावू लागले, तो तंतू बनवताना निसर्गाची एक अगदी बारीकशी ढकल कामाला आली. तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात काजळापासून करू. निरांजनाच्या ज्योतीवर तांब्याची वाटी उपडी धरून काजळ धरतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. काजळी वाटीला का चिकटते? धूर वर जातो आणि वाटी वर असते म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. काजळीचे कण इतके हलके असतात की हवा वळली की तेही वळतात. मग वाटीजवळून वळून जाणाऱ्या हवेबरोबर तेही निघून जायला हवेत. तसं होत नाही, कारण ज्योतीजवळची हवा तापलेली आणि वाटी त्या मानाने गार. गरम बाजूचे हवेचे रेणू जोरात आपटतात, गार बाजूचे हळू. दोन्हींकडचे धक्के समान नसल्याने कण गार बाजूला सरकतो. कण जरा मोठा असला तर हिशोब थोडा किचकट होतो, पण निकाल तोच: गरमाकडून गाराकडे. शास्त्रज्ञ याला थर्मोफोरेसिस म्हणतात. मी आपला 'तापढकल' म्हणतो.

ही ढकल केवढी? एका मिलिमीटरच्या अंतरात शंभर अंशांचा फरक असेल, तर कण सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर सरकतो. मुंगीपेक्षा सावकाश! पण कणाला वाटीपर्यंत शेवटचा मिलिमीटरच काटायचा असतो, तेवढ्याला ती पुरते.

ही गोष्ट लोकांच्या नजरेत आली ती इंग्लंडमध्ये. १८७० साली जॉन टिंडल अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडून हवेतली धूळ पाहत होते. झोताखाली तापलेली वस्तू धरली की तिच्यावरच्या हवेत काळा पट्टा दिसे, म्हणजे तिथे धूळच नाही. धूळ जळून गेली असावी असं आधी वाटलं. पण धूळ जळणार नाही इतपतच गरम वस्तू धरली तरी पट्टा दिसेच. १८८२ मध्ये लॉर्ड रॅले यांनी त्यावर लिहिलं. १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी नीट प्रयोग करून दाखवलं, की गरम पृष्ठभागापासून धूळ दूर ढकलली जाते आणि गार पृष्ठभागावर जाऊन बसते.

त्याच सुमारास विल्यम क्रुक्स यांच्या काचेच्या फुग्यातल्या भिंगरीने सगळ्यांना वेड लावलं होतं. उन्हात ठेवली की ती आपोआप फिरे. ही भिंगरी का फिरते याचा विचार करताना १८७९ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल या दोघांनी विरळ वायूत तापमानाच्या फरकामुळे काय होतं याचं गणित मांडलं. मॅक्सवेल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारले. पुढे १९२९ मध्ये पॉल एपस्टाइन यांनी मोठ्या कणांवरच्या ढकलीचं सूत्र काढलं. या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारलं असतं तर धुळीचे पट्टे आणि एक खेळणं, एवढंच दाखवता आलं असतं.

आता उडी घेऊ १९६६ कडे. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी म्हटलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश मैलोन् मैल जाईल. १९७० मध्ये कॉर्निंगने तसा पहिला तंतू बनवून दाखवला. पण तो ढिगाने आणि भरवशाने कसा बनवायचा? १९७४ मध्ये बेल लॅब्जच्या न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे जॉन मॅकचेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत जाहीर केली. सिलिकाची पोकळ नळी गोल फिरत ठेवायची, आतून सिलिकॉन व जर्मेनियमच्या क्लोराइडची वाफ आणि ऑक्सिजन सोडायचा, आणि बाहेरून ज्योत नळीच्या लांबीवर फिरवायची. आत वाफेची काचेची बारीक भुकटी होते. म्हणजे पांढरी काजळीच म्हणा ना!

गंमत पुढेच आहे. ज्योतीच्या अगदी वर नळीची भिंत आतल्या वायूपेक्षा गरम असते, म्हणून भुकटी मधोमध ढकलली जाते. वायू थोडा पुढे गेला की तो गरम आणि भिंत गार, मग तीच भुकटी भिंतीवर येऊन बसते. मागून ज्योत आली की वितळून तिची स्वच्छ काच होते. असे थरावर थर चढवून शेवटी नळी मिटवतात, आणि त्या कांडीतून केसासारखा तंतू ओढतात. भुकटीला भिंतीवर नेणारी ही तापढकलच आहे, हे १९७९ मध्ये बेल लॅब्जच्याच लोकांनी दाखवलं. मॅक्सवेलच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी. हे कळल्यावर पुढची नळी गार ठेवली की जास्त भुकटी बसते आणि कमी वाया जाते, हेही हिशोबाने ठरवता आलं.

मधल्या काळात, १९७७ मध्ये, आपल्या शिकागोच्याच रस्त्यांखाली सुमारे दीड मैल काचेची केबल टाकून तिच्यावरून खरे कॉल पाठवले गेले. डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली काचेची केबल सुरू झाली. १९९७ मध्ये 'फ्लॅग' केबल मुंबईला पोचली. 'ट्रंक कॉल लावा, घड्याळाकडे बघत बोला' या जमान्यापासून आजीशी तासभर व्हिडिओवर बोलण्यापर्यंतची वाट या काचेतूनच गेली आहे. आणि आज आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) वाळूज-शेंद्र्यातही हा तंतू बनतो.

मला यात खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. 'भुकटी भिंतीला का चिकटते' या प्रश्नावर पगारी माणसं बसवणं बेल लॅब्जला परवडलं, कारण मागे टेलिफोनची मक्तेदारी होती. म्हणजे महागड्या कॉलचे जे पैसे लोक भरत होते, त्यांतले काही सेंट या प्रश्नावर खर्च झाले. त्यातूनच कॉल फुकटच्या जवळ आले. १९८४ मध्ये एटीअँडटीची विभागणी झाली, १९९६ मध्ये ल्यूसेंट वेगळी झाली, २००१ नंतर नोकरकपातीने आपल्यातल्या कित्येकांची घरं हादरली. २००६ मध्ये अल्काटेल आली, २०१६ मध्ये नोकिया. मक्तेदारी गेली हे बरंच झालं, मी तिच्यासाठी रडत नाही. पण तिच्यासोबत उपयोग न विचारता प्रश्न विचारायची ती सवडही आकसली, आणि तिची भरपाई कुठून होणार याचा विचार आपण फारसा केला नाही. आज विद्यापीठांच्या संशोधनाच्या पैशांवर चर्चा निघाली, की 'याचा फायदा काय?' हे आपलीच मंडळी आधी विचारतात. ज्यांचं घर या काचेवर उभं राहिलं, त्यांनी तरी हे विचारण्याआधी जरा थांबावं.

तुमच्यापैकी जे इंडियन हिलमध्ये होते त्यांनी आपल्या कामाबद्दल चार पानं लिहून ठेवा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा. मुलांना 'बाबा टेलिकॉममध्ये होते' एवढंच माहीत आहे, आणि ते पुरेसं नाही.

आणि हो, हिवाळ्यात मेणबत्त्या किंवा समई बरीच लावली की बाहेरच्या भिंतीवर आतल्या लाकडी खांबांच्या रेषेत काळपट पट्टे उमटतात, पाहिलेत? खांबापाशी भिंत जास्त गार असते, तिथे काजळी जास्त बसते. दर वेळी ती बुरशीच असेल असं नाही. रंगाऱ्याला बोलवण्याआधी हाताच्या बोटाने पुसून पाहा. काजळ असेल तर बोटाला लागेल :-)


नेपरव्हिलचा एक सभासद