शार्पव्हिल : दीड वाजेपर्यंत

अठ्ठावन्न वर्षं आधी

मे १९०२. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या व्हेरिनिगिंग या गावी बोअर प्रतिनिधी ब्रिटिशांशी करायच्या तहाच्या अटींवर खल करायला जमले. सह्या प्रिटोरियात झाल्या, पण तहाला नाव राहिलं ते या गावाचं. त्याचं आठवं कलम एवढंच सांगत होतं की, काळ्या रहिवाशांना मताधिकार द्यायचा की नाही, हे स्वराज्य मिळाल्यावर ठरवू. म्हणजे ठरवणार गोरेच. ब्रिटिश आणि बोअर एकमेकांशी लढून थकले आणि तिसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडून मोकळे झाले. याच गावाच्या कडेला पुढे कारखान्यांत राबणाऱ्या काळ्या कामगारांची वस्ती उभी राहिली, ती शार्पव्हिल.

आठ वर्षं आधी

१९५२. पार्लमेंटने एक कायदा केला. त्याच्या नावातच ‘पास रद्द’ करण्याची भाषा होती. प्रत्यक्षात त्याने निरनिराळे पास एकत्र करून एक पुस्तिका केली आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाच्या खिशात ती सक्तीची केली. लोक तिला डॉमपास म्हणत. आत फोटो, कर भरल्याची नोंद, शहरात राहण्याची परवानगी आणि दर महिन्याला मालकाची सही. सही राहिली तर अटक, पुस्तिका घरी विसरली तरी अटक. परवानगीविना शहरात ७२ तासांपेक्षा जास्त थांबणं हा गुन्हा. पुढे बायकांनाही ती लागू होऊ लागली, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियात सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पंतप्रधान त्यांना भेटले नाहीत.

कागदाने माणूस जखडण्याची ही रीत तिथल्या हिंदी लोकांनीही सोसली होती. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात, गांधीजींच्या उपस्थितीत, दोन हजारांवर नोंदणी दाखले एका मोठ्या कढईत रॉकेल ओतून जाळले गेले. त्या होळीला अर्धं शतक उलटलं तरी कागद होताच, फक्त आता तो देशातल्या बहुसंख्यांच्या खिशात होता.

आठ आठवडे आधी

२४ जानेवारी १९६०. डरबनजवळच्या केटो मॅनॉर वस्तीत छापा घालायला गेलेल्या नऊ पोलिसांना जमावाने मारलं. ती हत्या भयंकरच होती. पण तिचा परिणाम असा झाला की, देशभरच्या पोलिसांना काळा जमाव दिसला की केटो मॅनॉर दिसू लागलं. शार्पव्हिलच्या कुंपणाआड उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या मनात ही भीती होती, हे मान्य करावंच लागेल. मात्र भीतीने पुढचं सगळं माफ होत नाही.

तीन दिवस आधी

शुक्रवार, १८ मार्च. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकी भाषा शिकवणारे रॉबर्ट सोबुक्वे यांनी जाहीर केलं : सोमवारी, २१ मार्चला, पासाविरुद्धची मोहीम सुरू. पास घरी ठेवायचा, जवळच्या चौकीवर जायचं आणि म्हणायचं, आम्हाला अटक करा. जामीन नको, वकील नको, दंडही भरायचा नाही. तुरुंग भरले आणि कारखाने ओस पडले की कायदा आपोआप मोडेल. त्यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसला जेमतेम वर्ष होत आलं होतं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपली मोहीम ३१ मार्चला ठरवली होती. त्याआधीचा दिवस धरण्यात चढाओढ होतीच. पण सोबुक्वे यांनी पोलीस आयुक्तांना आधी पत्र लिहून कळवलं होतं की मोहीम शांततेची असेल, आणि पांगायला सांगायचं तर पुरेसा वेळ द्या. सरकारला अंधारात कोणी ठेवलं नव्हतं.

साडेतेरा तास आधी : मध्यरात्र

शार्पव्हिलमध्ये कार्यकर्ते दारं ठोठावत फिरत होते. उद्या कामावर जाऊ नका. बसचालकांना आधीच गाठलं, म्हणजे पहाटे बसच सुटणार नाही. टेलिफोनच्या तारा तोडल्या. काहींना धाकदपटशाही केली, हेही नोंदवलं पाहिजे. रात्रीच पोलिसांशी चकमकी झाल्या.

सात तास आधी : पहाटे साडेसहा

सोबुक्वे जोहान्सबर्गजवळच्या मोफोलो वस्तीतल्या घरातून निघून मोजक्या साथीदारांसह ऑर्लँडोच्या चौकीकडे चालत गेले. तिथे त्यांना थांबायला सांगण्यात आलं. स्वतःहून तुरुंगात जायला आलेला माणूस चौकीच्या दारात तिष्ठत होता. अटक झाली ती उशिरा, आणि तीन वर्षांच्या शिक्षेनंतर केवळ त्यांच्यासाठी कायद्यात कलम घालून त्यांना रॉबेन बेटावर १९६९ पर्यंत ठेवण्यात आलं.

साडेतीन तास आधी : सकाळी दहा

शार्पव्हिलमधला मोर्चा चौकीवर पोचला. गाणी चालली होती. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे स्थानिक चिटणीस न्याकाने त्सोलो विशीतले. पुढाऱ्यांनी पोलिसांना सांगितलं की आमच्याकडे पास नाहीत, आम्हाला पकडा. पोलिसांनी नकार दिला.

मला या दिवसातली सगळ्यात मोठी चूक इथे दिसते. लोक कायदा मोडून आलेले, शिक्षा मागत उभे. पुढाऱ्यांना आत घेतलं असतं, बाकीच्यांची नावं टिपून घेतली असती, तरी बहुतेक जण घरी गेले असते. रोज शेकड्यांनी माणसं पासाखाली उचलणाऱ्या यंत्रणेला आजच अटक जमेना, कारण आज अटक होणाऱ्याला तिची भीती उरली नव्हती.

वस्तीवरून विमानं घोंघावत गेली. सेबर जेट, तीही अगदी खालून. जवळच्या एव्हॅटनमध्ये असाच जमाव विमानांनी पांगला होता. शार्पव्हिलमध्ये लोकांनी वर बघून हात हलवले.

दोन तास आधी

एक बातमी तोंडोतोंडी पसरली : कोणी बडा अधिकारी येणार आहे, पासाबद्दल काही सांगणार आहे. ती कुठून आली असेल ते असो, पण तिच्यामुळे माणसं जागची हलली नाहीत. नवी येत राहिली. कोणी छत्र्या घेऊन, कोणी सायकली घेऊन, पोरं कुतूहलाने. गर्दी किती? पोलीस वीस हजार म्हणत राहिले; नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज पाच हजारांच्या आसपासचा. बोलणारा अधिकारी आलाच नाही. आल्या त्या सॅरासेन चिलखती गाड्या आणि पोलिसांच्या आणखी तुकड्या. ‘ड्रम’ मासिकाचे हम्फ्री टायलर त्या गाड्यांमागोमाग वस्तीत शिरले. लोक हसून अंगठा दाखवत होते, असं त्यांनी लिहिलं आहे.

अर्धा तास आधी : दुपारी एक

लेफ्टनंट कर्नल पिनार येऊन पोचले. त्यांनी गोऱ्या पोलिसांना कुंपणाच्या आत रांगेत उभं केलं आणि पाच-पाच गोळ्या भरायला सांगितलं. जमावाला पांगण्याचा हुकूम दिला नाही. अश्रुधूर नाही, लाठी नाही.

दीडच्या सुमारास

विशेष शाखेचे कर्नल स्पेंगलर फाटकाशी आले. त्सोलोंना ताब्यात घेतलं. काय झालं ते बघायला मागची गर्दी पुढे रेटली, कुंपण वाकलं. काही दगड आले, असं पोलीस सांगतात. मग कोणीतरी गोळी झाडली, आणि हुकूम नसताना सगळी रांग सुरू झाली. रायफली आणि स्टेनगन.

पहिल्या क्षणी काही बायका हसत पळाल्या. त्यांना वाटलं, नुसते बार आहेत. एका लहान पोराने अंगावरचा जुना घोंगडीचा कोट मागून डोक्यावर धरला होता, गोळी अडेल म्हणून. हे टायलर यांनी पाहिलं. छायाचित्रकार इयन बेरी यांच्या फोटोंत लोक कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येताना दिसतात, पोलिसांकडे पाठ करून. शवचिकित्सेनेही तेच सांगितलं : बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

सरकारी आकडा ६९ मृत, सुमारे १८० जखमी. मेलेल्यांत ८ बायका, १० मुलं. मैदानात चपला, टोप्या आणि सायकली पसरल्या होत्या.

नंतर

त्याच संध्याकाळी केपटाऊनच्या लांगा वस्तीतही पोलिसांनी गोळ्या चालवल्या. इस्पितळात पडलेल्या काही जखमींना खाटेवरच अटक झाली. ज्यांनी सकाळी दहाला ती मागितली होती, त्यांना ती आता मिळाली. २६ मार्चला सरकारने पासाची सक्ती तात्पुरती उठवली आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच पुन्हा लादली. ३० मार्चला आणीबाणी आली, ८ एप्रिलला दोन्ही काँग्रेसवर बंदी. पासाचे कायदे गेले ते १९८६ मध्ये.

गोळी झाडणाऱ्या एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. भरपाईचे दावे उभे राहू लागले, तेव्हा १९६१ मध्ये पार्लमेंटने कायदा करून सरकारला आणि त्याच्या नोकरांना दाव्यांपासून संरक्षण दिलं. तो मागल्या तारखेने लागू करण्यात आला, आणि ती तारीख होती २१ मार्च १९६०.