ड जीवनसत्त्व : माता, नवजात आणि संसर्ग

गर्भाला ड जीवनसत्त्व आईच्या रक्तातून, वारेमार्गे मिळते. जन्मवेळी नाळेच्या रक्तातील पातळी आईपेक्षा कमीच असते. आईत कमतरता असेल तर बाळाची शिल्लक काही आठवड्यांत संपते, कारण अंगावरच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. महाराष्ट्रात ऊन मुबलक, तरी कमतरता सर्रास आढळते. नेरूळमधील सारसोळे या खाडीकाठच्या कोळी गावाभोवती आता इमारती आहेत; बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ऊब देते, पण त्वचेत ड तयार करणारे अतिनील-ब किरण काच अडवते. सव्वा महिना खोलीत राहणाऱ्या बाळंतिणीचीही तीच गत. बांगडा व तारली यांतून काही भरपाई होते.

ड जीवनसत्त्वामुळे पांढऱ्या पेशी कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवतात. नेदरलँड्समधील 2011 च्या अभ्यासात नाळेतील पातळी कमी असलेल्या बाळांना आरएसव्ही विषाणूचा श्वसनसंसर्ग बराच जास्त झाला. मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील चाचणीत कमी वजनाच्या सुमारे 2000 बाळांना दर आठवड्याला 1400 एकक देऊनही मृत्यू वा रुग्णालयात दाखल होणे घटले नाही. म्हणजे संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही. जाहिराती हा फरक सोयीस्करपणे गाळतात.

मुडदूस टाळण्यासाठी मात्र पहिले वर्षभर रोज 400 एकक देण्याची शिफारस केली जाते. थेंबांच्या काही बाटल्यांत मिलिलिटरला 400, तर काहींत 800 एकक असतात. दुसऱ्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर पुरतो.