बोरघाटाची वाट कोणीं दाखविली ?

बोरघाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. आगगाडीची वाट या धनगरानें इंग्रजांस दाखविली व बक्षिसाऐवजीं त्यास गोळी मिळाली, अशी लोककथा आहे. कथा म्हणजे पुरावा नव्हे. परंतु तिच्या पोटांतील प्रश्न टाकाऊ नाहीं.

रेल्वेचा मार्ग जेम्स बर्कले यानें आखला. काम १८५६ त सुरू होऊन १८६३ त पुरें झालें. १८६१ त तेथें ४०,००० हून अधिक मजूर होते. घाट मात्र फार जुना. माथ्याजवळील कार्ल्याचीं लेणीं या व्यापारी वाटेचीच साक्ष देतात. आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहान वयांत परीक्षेसाठीं सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास पायीं गेले; घाटवाटांचें ज्ञान गांवोगांवीं होतें, याचा हा एक दाखला होय.

माणसांची पारख नसल्यास काय होतें, तेंहि येथेंच दिसतें. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला व कंत्राटदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल लवकरच वारला; त्याची पत्नी अॅलिस हिनें अनुभवी व्यवस्थापकांकरवीं काम तडीस नेलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, घाटालगतच्या गांवांतील पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत मजुरी, बैल वा वाटाडे यांविषयीं कागद आढळल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. इंजिनिअरांचीं नांवें छापून झालीं आहेत. वाटाड्यांचीं सांपडलीं तर तेथेंच सांपडतील.