ढालीवरचे कूळ, शेतातले कूळ

आयर्लंडमधील किल्केनी परगण्यात किल्फेन येथे मध्ययुगीन चर्चचे भग्नावशेष आहेत. तेथे भिंतीला टेकून एक दगडी सरदार उभा आहे. उंची सुमारे आठ फूट, अंगावर कड्यांचे चिलखत, पाय एकमेकांवर टाकलेले, हाताशी ढाल. लोक त्याला 'कॅन्टवेल फादा', म्हणजे लांबडा कॅन्टवेल, म्हणतात.

हा कॅन्टवेल हे कशावरून? ढालीवरून. तिच्यावरची वर्तुळे आणि कोपऱ्यातला अर्मिनच्या लवेचा चौकोन हे त्या घराण्याचे कुलचिन्ह. येथवर पुरावा पक्का आहे. पण कुलचिन्ह घराणे सांगते, माणूस सांगत नाही. बापाची ढाल थोरल्या मुलाकडे जाई, त्याच्याकडून नातवाकडे. म्हणून अभ्यासक चिलखताच्या घडणीवरून चौदाव्या शतकाचा आरंभ हा काळ ठरवतात, मग त्या वेळी किल्फेनचा धनी कोण हे दप्तरात पाहतात. तेव्हा थॉमस द कॅन्टवेल हे नाव पुढे येते. ते अनुमानच. (आडवे टाकलेले पाय म्हणजे धर्मयुद्धाहून परतलेला वीर, असे पूर्वी बेधडक लिहीत. तो समज आता टिकलेला नाही.)

मराठीत 'कूळ' शब्दाला दोन अर्थ आहेत. ढालीवर आहे ते एक कूळ. दुसरे कूळ शेतात राबत होते. ११६९ नंतर आलेल्या नॉर्मन सरदारांच्या जमिनींवर जखडलेल्या आयरिश कुळांना दप्तरात 'बेटाघ' म्हटले आहे. त्यांना ढाल नव्हती, थडग्यावर पुतळा नव्हता. मग त्यांना ओळखायचे कोणत्या शास्त्राने? कुलचिन्हांचा अभ्यास हा प्रश्न विचारतच नाही, कारण त्याचे साधनच धन्याने घडवलेले आहे.

याच परगण्यातल्या किल्केनी शहरात १३६६ साली कायदे झाले. वसाहतीतल्या इंग्रजांनी आयरिशांशी लग्न करू नये, त्यांची भाषा बोलू नये. इंग्रजांच्या ताब्यातील कॅथेड्रलमध्ये आयरिश माणसाला पद नाही, मठात प्रवेश नाही. बेटीबंदी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको! कायदा पुरता पाळला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. माणसे एकत्र येत होती म्हणूनच तो करावा लागला.

पुढे या चर्चमध्ये शाळा भरू लागली. खोड्या करणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून या दगडी सरदाराचे चुंबन घ्यायला लावत, असे तेथे सांगतात. त्या मुलांत बेटाघांचे वंशज किती होते, हे कुठल्याही ढालीवर कोरलेले नाही.