फिरंग : पाते परके, नाव आपले

माणसाला ‘फिरंगी’ म्हटले की मराठीत दुराव्याचा भाव उमटतो. तलवारीला ‘फिरंग’ म्हटले की मात्र तिची प्रत कळते. सरळ, लांब युरोपीय पाते आणि त्यावर चढवलेली देशी मूठ, असे या शस्त्राचे रूप. सतराव्या शतकात अशी पाती समुद्रमार्गे दख्खनमध्ये येत. स्पेनमधील तोलेदो शहराच्या पोलादाचा लौकिक इतका मोठा होता, की जर्मनीतील झोलिंगेनचे कारागीरही आपल्या पात्यांवर स्पॅनिश नावे आणि मुद्रा उठवीत. त्यामुळे केवळ मुद्रा पाहून मूळ ठरवू पाहणारा संग्राहक सहज फसतो.

या प्रश्नाचा कोल्हापूरशी थेट संबंध आहे. १८७५-७६ च्या भारतदौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) याला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून एक रत्नजडित मुठीची तलवार मिळाली. ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. कोल्हापुरातील अभ्यासक तिला शिवछत्रपतींची ‘जगदंबा’ म्हणून ओळखतात. तिच्या युरोपीय पात्यावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे आहेत. महाराज तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते आणि संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. अशा भेटीला ‘नजराणा’ म्हणताना त्या शब्दातील स्वेच्छा किती खरी मानायची?

१९८० साली मुख्यमंत्री अंतुले यांनी ‘भवानी’ लंडनहून परत आणण्याची घोषणा केली, तेव्हापासून हा विषय भावनेचा झाला. देवीने दिलेली तलवार परदेशी पोलादाची कशी असेल, हा आक्षेप तेव्हाही निघे, आजही निघतो. त्याचे एक उत्तर एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पुढे आले. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवलेल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या तलवारीचे पाते युरोपीय आहे. आणि त्यावर देवनागरीत धन्याचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा त्याचा किताब व शेवटी ‘फिरंग’ हा शब्द कोरलेला आहे. धन्याला पात्याचे परकेपण लपवावेसे वाटले नाही. उलट तेच त्याने अभिमानाने लिहवून घेतले.

लोककथा तलवारीला देवीचे नाव देते, तर संग्राहक तिला गावाचे आणि कारागिराचे नाव देऊ पाहतो. पहिली कथा श्रद्धेची आहे आणि दुसरी व्यापाराची. दोन्ही एकाच पात्यावर सुखाने नांदू शकतात. म्हणून ‘जगदंबे’वरील आपला हक्क पोलादाच्या जन्मगावावर अवलंबून नाही. ती कोणाच्या हाती होती आणि कोणत्या परिस्थितीत त्या हातातून गेली, हेच तपासायचे आहे.