कर्ट फ्लड : हरलेल्या खटल्याचा हिशेब

अमेरिकेतल्या बेसबॉलचा इतिहास सांगताना ‘कर्ट फ्लडने खेळाडूंना मुक्त केले’ असे सर्रास लिहिले जाते. निकालपत्रे मात्र वेगळे सांगतात. फ्लड आपला खटला तिन्ही न्यायालयांत हरला. मग श्रेय त्याच्याकडे कसे आले?

फ्लडचा जन्म १९३८ चा, ह्यूस्टनचा. तो वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. अठराव्या वर्षी तो दक्षिणेतल्या दुय्यम लीगमध्ये खेळायला गेला. कृष्णवर्णीय असल्यामुळे गोऱ्या सहकाऱ्यांच्या पंगतीला बसण्याची त्याला तिथे मुभा नव्हती. १९५८ पासून तो सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर झाला. आउटफिल्डर म्हणजे आपल्या सीमारेषेजवळच्या क्षेत्ररक्षकाचा भाऊबंद. त्यातही मधल्या जागेवरच्याला सर्वांत जास्त मैदान सांभाळावे लागते. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे फ्लडला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला. १९६६ च्या हंगामात त्याच्या नावावर एकही चूक नाही. त्याच्या संघाने १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६८ च्या निर्णायक सामन्यात मात्र एका उंच चेंडूचा त्याचा अंदाज चुकला आणि विजेतेपद डेट्रॉइटकडे गेले.

ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. हे नियमाला धरूनच होते. करारातल्या ‘रिझर्व्ह क्लॉज’नुसार मुदत संपल्यावरही क्लबला करार आणखी एक वर्ष वाढवता येई, आणि वाढवलेल्या करारातही तेच कलम असल्याने हे चक्र कधी थांबत नाही, असा मालकांचा अर्थ होता. आयपीएलच्या लिलावासाठी खेळाडू निदान स्वतः नाव नोंदवतो. इथे संमतीचा प्रश्नच नव्हता. २४ डिसेंबरला फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले : बारा वर्षे खेळलेला मी, माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री करावी अशी वस्तू नाही. त्याचा पगार तेव्हा वर्षाला नव्वद हजार डॉलर होता. एवढा पैसा मिळत असताना तक्रार कसली, असे लोक विचारत. गुलामाला पैसे चांगले मिळाले, तरी तो गुलामच, असे त्याचे उत्तर होते.

जानेवारी १९७० मध्ये खटला दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग त्याचे वकील होते. निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही, असे १९२२ च्या निकालाने ठरवले होते. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी तोच निकाल कायम ठेवला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी ही सवलत विसंगत असल्याचे मान्य केले. ती दूर करण्याचे काम मात्र काँग्रेसवर सोडले. तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून तो स्पेनला निघून गेला.

मुक्ती आली ती दुसऱ्या दाराने. खटला चालू असतानाच, १९७० च्या सामूहिक करारात तंटे तटस्थ लवादापुढे नेण्याची सोय झाली. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात ‘एक वर्ष’ म्हणजे एकच वर्ष, असा निर्णय दिला. चक्र थांबले ते त्या दोन शब्दांमुळे. म्हणून कायद्याच्या हिशेबात विजय फ्लडचा नाही. त्याचे काम त्याआधीचे : सगळ्यांनी गृहीत धरलेले कलम त्याने चव्हाट्यावर आणले आणि त्याची किंमत एकट्याने मोजली.

फ्लड जानेवारी १९९७ मध्ये वारला. पुढच्या वर्षी काँग्रेसने मोठ्या लीगच्या खेळाडूंपुरती ती सवलत काढून घेतली. त्या कायद्याला त्याचेच नाव आहे. पण एक नोंद मला अधिक बोलकी वाटते. दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येणार नाही, असा नियम १९७३ मध्ये झाला. सेंट लुईसमध्ये फ्लडची बारा वर्षे झाली होती.